डबेवाले कऱ्हाळे सर

कऱ्हाळे सरांनी पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांचे जेवणाचे डबे रिकामे करायला लावले. तेही सकाळी, कामाला सुरुवात व्हायच्या वेळी. आम्ही स्टोअर्समधले कारकून कँटीनच्या मागच्या खोलीत बाकांवर बसलो होतो. कॉम्प्युटर शिकवायला पुण्याच्या संस्थेतून कुणी साहेब येणार म्हणून पुरुषमंडळींनी इस्त्रीचे शर्ट चढवले होते, मी ठेवणीतली साडी नेसले होते. आणि दारातून आलं कोण, तर कॉलर विरलेला सदरा, धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला आणि खांद्यावर हमालासारखी पत्र्याची ट्रंक घेतलेला एक किडकिडीत माणूस. ट्रंक टेबलावर ठेवली, सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "डबे आणलेत का जेवणाचे? रिकामे करा."

मी तशी फटकळ. त्या खोलीत बाई मी एकटीच, पण गप्प बसण्यातली नव्हे. "सर, कॉम्प्युटर शिकवायला आलात की भांडी घासायला?" सगळे हसले. सर हसले नाहीत. माझ्याकडे गंभीरपणे बघत म्हणाले, "ताई, कॉम्प्युटर म्हंजे डबेच असतात बघा. दुसरं काही नसतं. उगं लोकांनी बाऊ करून ठेवलाय."

मग पोळीभाजी कागदांवर निघाली. सरांनी खडूने डब्यांवर नावं घातली. माझा डबा 'शिल्लक', दुसऱ्या कुणाचा 'आवक', तिसऱ्याचा 'जावक'. प्रत्येकात आकडा लिहिलेली एकेक चिठ्ठी. "आवक उचला, शिल्लकीत मिळवा," असं सर म्हणाले की एकाने उठायचं, दोन डब्यांतल्या चिठ्ठ्या वाचायच्या, बेरीज करायची आणि नवी चिठ्ठी 'शिल्लक'मध्ये टाकायची. जुनी फाडून फेकायची. "एका डब्यात एका वेळी एकच चिठ्ठी," सर बजावायचे. "नवी टाकली की जुनी गेली. गेली म्हंजे गेली, मागून रडायचं नाही." जेवायच्या सुट्टीपर्यंत आमच्या भाजीला मुंग्या लागल्या होत्या, पण डोक्यात काहीतरी शिरलं होतं. तेव्हापासून ते आमचे डबेवाले सर.

ही गोष्ट ऐंशीच्या आगेमागेची. आमची कंपनी चिंचवडच्या एमआयडीसीत. कॉम्प्युटर नावाचं यंत्र दिवाळीनंतर येणार होतं आणि ते आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. आम्ही स्टोअर्सच्या खतावण्या लिहायचो, कुठल्या कप्प्यात किती बेअरिंग आली, किती गेली. ते आता यंत्र लिहिणार. आमचे पर्सोनेल मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, त्यांनी आम्हाला उभं करून स्पष्ट सांगितलं होतं, की प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकाने स्वतः लिहिलेला प्रोग्राम पुण्यातल्या मशीनवर चालवून दाखवायचा. ज्याचा चालेल तो कॉम्प्युटर विभागात. ज्याचा चालणार नाही, त्याला कंपनीत काम उरणार नाही. साहेब मोठ्या गोड आवाजाचा माणूस. चहा विचारावा तसं त्यांनी ते सांगितलं. माझ्या नवऱ्याचा उजवा हात प्रेसमध्ये गेल्यापासून घरात मिळवती मी एकटीच होते.

सर मूळचे परभणीकडचे. तिकडे एका शाळेत गणिताचे मास्तर होते. शाळेचं अनुदान बंद झालं, शाळा बसली, मग हे पुण्यात आले आणि एका संस्थेत प्रोग्रामिंग शिकले. शिकता शिकता तिथेच शिकवू लागले. बायको आणि म्हातारी आई गावाकडे. हे चिंचवड स्टेशनच्या मागे एका खोलीत एकटे. आठवड्यातले पहिले दिवस आमच्याकडे, मग चाकणच्या रस्त्याला नव्यानेच उभा राहिलेला एक छोटा कारखाना होता, तिथे. शनिवारी पुण्याला, मशीनच्या दारात. बॅच असेल तर पोटाला, नसेल तर नाही, अशी त्यांची नोकरी.

आणि सगळीकडे ती ट्रंक बरोबर. तिच्यात कार्डं असायची. आता ती कुणाला माहीत नसतील म्हणून सांगते. पोस्टकार्डापेक्षा लांबट, कडक कागदाची कार्डं, त्यांना बारीक चौकोनी भोकं पाडलेली. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ. अशा कार्डांचा गठ्ठा सुतळीने बांधला की तो झाला एका माणसाचा प्रोग्राम. तो मशीनला खायला घालायचा आणि मशीन पलीकडून उत्तर छापून देतं. सर ही ट्रंक घेऊन नाशिक फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहायचे. चाकणला जाणारी गाडी कांद्याच्या मोसमात गोण्यांनी आणि माणसांनी इतकी भरलेली असायची, की कंडक्टर ट्रंक बघून घंटी मारायचा. पावसात सर स्वतःचा रेनकोट ट्रंकेला घालायचे आणि आपण भिजत यायचे. एकदा मी म्हटलं, "न्यूमोनिया होईल सर." तर म्हणाले, "ताई, माणूस भिजला तर वाळतो. कार्ड वाळत नाही. फुगलं की मशीनच्या घशात अडकतं."

त्याच फाट्यावर मी एक प्रकार पाहिला. एका शनिवारी कंपनीच्या कामाने मलाही पुण्याला जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबर उभे होतो. तिथे एक माणूस फुटाण्याची टोपली घेऊन बसलेला. सर सरळ त्याच्याकडे गेले, एक पुडी घेतली. तो माणूस हसून म्हणाला, "घ्या सर. तुमच्याच कृपेनं धंदा चाललाय." सरांनी मान खाली घातली. गाडीत बसल्यावर ती पुडी त्यांनी उघडली नाही, तशीच खिशात ठेवली. मला राहवलं नाही, विचारलं. त्यांनी खिशावरून हात फिरवला. मग म्हणाले, "माझ्या पहिल्या बॅचचा आहे तो. भोसरीच्या कारखान्यात टाइमकीपर होता. शिकवायला मी घाई केली, तो मागं राहिला. नापासांची यादी फाटकावर लागली, तिच्या खाली सही माझी. तवापासून ठरवलं ताई, यादीवर सही करायची नाही. सही करायची वेळच येऊ द्यायची नाही."

त्या दिवशी मला त्या माणसाची नड कळली. शिकवताना ते मधेच का घाबरे व्हायचे, कुणी जांभई दिली तरी त्यांचा चेहरा का पडायचा, ते कळलं. 'नापास' हा शब्द कुणी काढला तर अंगावर धावून यायचे. "तो शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. मी मरायलोय का इथं फुकट?" असं ओरडायचे आणि लगेच ओशाळून कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवायचे. यंत्राबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. "यंत्राला अक्कल नसती. म्हणून तर आपल्याला दुप्पट लागते," हे त्यांचं पेटंट वाक्य. आणि दुसरं, "मशीन चुकत नाही, मशीन ऐकतं. चुकतो तो सांगणारा."

आमच्या बॅचमध्ये सगळ्यांचं हळूहळू जमत होतं. जमत नव्हतं ते एका तात्यांचं. सोपान तापकीर, पण सगळ्या स्टोअर्सचे तात्या. डोक्याला टोपी, कानात अत्तराचा फाया, कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला. ते इथल्याच गावठाणातले. एमआयडीसीसाठी त्यांची जमीन गेली, तिच्या बदल्यात घरटी एक नोकरी, तशी ही त्यांना मिळालेली. "मपलं वावर ह्या खुर्चीखाली हाय," असं ते खुर्चीच्या हातावर थाप मारून सांगत. खुर्ची गेली तर वावर दुसऱ्यांदा जाणार होतं. तात्यांना हे पक्कं माहीत होतं, सरांनाही. म्हणून दोघंही जास्तच चुकायचे. सर एक सांगायचे, तात्या भीतीने दुसरंच लिहायचे. जेवायच्या सुट्टीत सर स्वतः न जेवता तात्यांना घेऊन बसायचे. शेवटी तात्या पेन्सिल खाली ठेवायचे. "राहू द्या सर. आमी अडानी मान्सं. आमच्यापायी तुमी नगा उपाशी ऱ्हाऊ."

एकदा असंच झालं आणि सर ताडकन उठले. म्हणाले, "तात्या, आज मी मशीन. तुम्ही सांगा, मी करतो. पण सांगितलं तेवढंच करीन." तात्या बिचकले. म्हणाले, "चाला." सर चालायला लागले. खोली छोटी. समोर भिंत आली तरी ते थांबले नाहीत. कपाळ भिंतीवर आपटलं, तरी पाय जागच्या जागी चालतच राहिले. पुन्हा आपटलं. आम्ही आधी हसत होतो, मग हसू थांबलं, कारण हे नाटक नव्हतं. कपाळावर टेंगूळ आलेलं दिसायला लागलं. तात्या ओरडले, "सर, काय करताय? थांबा की."

सर थांबले. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "कामून चाललो मी?"

तात्या म्हणाले, "कुठवर चालायचं ते सांगितलंच न्हाई की म्या."

"हां," सर वळले. त्या माणसाच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. "कुठवर ते सांगा. बास, एवढंच प्रोग्रामिंग आहे तात्या. बाकी सगळा चुना-रंग."

त्यानंतर तात्या सुटले. प्रत्येक ओळ लिहिली की स्वतःशी पुटपुटायचे, "कुठवर?" आणि पुढची ओळ लिहायचे. दसऱ्याच्या आठवडाभर आधी त्यांनी आपला प्रोग्राम पूर्ण लिहून दिला. सरांनी तो तिथल्या तिथे पुन्हा पुन्हा वाचला. चूक सापडेना. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

आता जे झालं ते सांगते.

सर्वांचे प्रोग्राम पुण्याला गेले, तिथे त्यांची कार्डं झाली, आणि ते गठ्ठे सर पुन्हा आमच्याकडे घेऊन आले. प्रत्येकाने आपापला गठ्ठा एकदा नजरेखालून घालावा, मग दसऱ्याची सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी मशीनवर परीक्षा, असा बेत. गठ्ठे आमच्या कपाटात ठेवले. किल्ली तात्यांकडे. सर चाकणला गेले, आणि इकडे खंडेनवमी आली.

खंडेनवमीला कारखान्यात काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. लेथला झेंडूच्या माळा, क्रेनला आंब्याचे डहाळे, साहेबाच्या गाडीलासुद्धा नारळ. आम्ही स्टोअर्सवाले दरवर्षी वजनकाटा, ढकलगाडी आणि टाइपरायटर पुजायचो. यंदा तात्यांनी कपाट उघडलं आणि गठ्ठे पाटावर मांडले. "आता हीच आपली हत्यारं," म्हणाले. आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. तात्यांनी वाटीत कुंकू कालवलं. वरच्या कार्डाला बोट लावलं, आणि थांबले. "एकल्या वरच्यालाच व्हय? बाकीच्यांनी काय पाप केलंय?" मग त्यांनी तीन बोटं कुंकवात बुडवून प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत ओढली. एकेक कार्डाला टिळा लागला. वर अक्षता टाकल्या. नमस्कार केला आणि गठ्ठे भक्तिभावाने कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दसऱ्यानंतर सर सकाळीच ट्रंक घेऊन पुण्याला गेले. पहिलाच गठ्ठा घातला आणि मशीन अडकलं. फुगलेली कार्डं एकमेकांना चिकटली, अक्षता आतल्या चाकांत गेल्या. ते मशीन तासावर भाड्याने मिळायचं, तिथल्या मंडळींनी तासाचं काम थांबवून ते उघडलं आणि आतून कुंकवाने माखलेली कार्डं निघाली. सर हात जोडत होते म्हणे, दुसरा वेळ द्या म्हणून. त्यांना बाहेर काढलं. आमच्या कंपनीला तक्रारीचा फोन सरांच्या आधी येऊन पोचला.

साहेबांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. बॅचमध्ये टायपिंग येणारी मी एकटी, म्हणून जबाब टिपून घ्यायला मलाही बसवलं. टेबलावर ते लाल कडेचं कार्ड ठेवलेलं. सर उभेच होते. साहेब त्याच गोड आवाजात म्हणाले, "कऱ्हाळे, हे कुणी केलं? तुमच्या या कारकुनांपैकी कुणी केलं असेल तर सांगा. मला मग परीक्षाच घ्यायची गरज नाही. यंत्राला ओलं कुंकू फासणाऱ्यांच्या हातात मी नवं मशीन देणार नाही. सगळी बॅच मोकळी करतो."

सरांनी ते कार्ड उचलून पाहिलं. त्यांना खरं कळलं होतं. कार्डाला अत्तराचा वास येत होता, मला खुर्चीपर्यंत येत होता.

"मी केलं," सर म्हणाले.

"तुम्ही?"

"देवभोळा माणूस आहे साहेब. सणावाराला राहवत नाही."

अहो, हा माणूस गणपतीच्या आरतीला खोलीबाहेर जाऊन उभा राहायचा. आमच्या एका सहकाऱ्याने सत्यनारायणाचं गंध लावायला हात पुढे केला तर डोकं मागे घ्यायचा. आणि खंडेनवमीला तो चाकणला होता, हे मला माहीत होतं. माझा हात कागदावर थांबला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा ताई." आणि मी लिहिलं.

साहेबांनी सरांना आमच्या बॅचवरून त्याच दिवशी काढलं. परीक्षा मात्र रद्द केली नाही. नवी कार्डं करायची आणि संस्थेचा दुसरा कुणी माणूस ती चालवून बघणार, असं ठरलं. फाटकाबाहेर सरांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं. तात्या तेवढे नव्हते, आत कपाटं बंद करत होते. सर म्हणाले, "तात्यांना कळता कामा नये. मशीन बिघडलं होतं म्हणून सांगा. मी चाकणला जास्त कामात आहे म्हणून सांगा. एकदा घाबरले की 'कुठवर' लिहायचं विसरतील ते." मी म्हटलं, "आणि तुमचं काय सर?" तर म्हणाले, "चाकण आहे की ओ माझं. तेवढ्यावर निघतंय."

तात्या नंतर रोज विचारायचे, "सर कवा येणार?" आम्ही सांगायचो, येतील.

परीक्षा झाली. सगळ्यांचे प्रोग्राम चालले. तात्यांचा तर एकाही चुकीशिवाय चालला. छापून आलेला लांबलचक कागद तात्यांनी दोन्ही हातांवर घेतला, लहान मूल घ्यावं तसा. पेढे वाटले. तात्यांनी पेढा तोंडात घातला नाही. "पयला सरांना," म्हणाले. "चाकनला जाऊन देतो." तेव्हा आमच्यातला देशमुख, भला माणूस, आनंदाच्या भरात बोलून गेला, "तात्या, सरांनी तुमच्यापायी काय केलंय माहितीय का?" आणि सगळं सांगून बसला. आम्ही त्याला डोळ्यांनी दटावत होतो, पण व्हायचं ते झालं. तात्यांनी पेढा पुन्हा पुड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या धुतलेलं धोतर नेसून, नवी टोपी घालून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी त्यांना दारात अडवलं. म्हटलं, "तात्या, पाया पडते तुमच्या, जाऊ नका. सगळं निस्तरलंय." ते म्हणाले, "तुजं निस्तरलंय पोरी. त्या मास्तरचं काय?" आणि आत गेले. आत काय बोलले ते शब्द मला बाहेर ऐकू येत होते. "कुंकू म्या लावलं. मास्तर खोटं बोलला ते माज्यासाठी. त्याला परत बोलवा साहेब, आन् मला काय करायचं ते करा." साहेबांनी तात्यांसाठी चहा मागवला. पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तुमच्यासारखी खरी माणसं आता राहिली नाहीत."

आठवडा व्हायच्या आत तात्यांना वेळेआधीच घरी बसवल्याचा कागद मिळाला. नवं मशीन यायचं होतं आणि ते चालवायला माणसं हवी होती, म्हणून बाकी बॅचला हात लागला नाही. आणि संस्थेला दुसरा कागद गेला, की तुमच्या प्रशिक्षकाने चौकशीत खोटा जबाब दिला. संस्थेने सरांचं चाकणही काढून घेतलं. आमचं काम जाऊनही सरांकडे जे एक ठिकाण उरलं होतं, ते तात्यांच्या खरेपणाने गेलं. मला आजही यात कुणाला शिव्या घालाव्यात ते कळत नाही, म्हणून त्या साहेबालाच घालते.

तात्या आणि मी स्टेशनच्या मागे सरांच्या खोलीवर गेलो. सर ट्रंकेवर बसले होते, सामान बांधून. तात्यांना बघून ते उठले आणि मला वाटलं मारतात की काय. "कामून गेलात तुम्ही तिथं?" ते ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? एका डब्यात एक चिठ्ठी असती तात्या. मी माझी टाकली होती. तुमची खुर्ची वाचली होती. तुम्ही वरून तुमची चिठ्ठी टाकली. माझी गेली, तुमचीबी गेली. डबा रिकामा."

तात्या हळूच म्हणाले, "खोट्याव ऱ्हायलेली खुर्ची टोचली असती, सर."

"टोचू द्यायची होती. टोचून माणूस मरत नाही, घरी बसून मरतो." मग सर एकदम खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. मोठा माणूस असा हुंदके देऊन रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. "एकजण तरी वाचू द्यायचा होता की ओ. एकजण तरी," एवढंच ते परत परत म्हणत होते. तात्या त्यांच्याजवळ फरशीवर बसले आणि त्यांची पाठ चोळत राहिले. तेही रडत होते.

मी पुढे त्याच कॉम्प्युटरवर काम केलं. मशीनं बदलली, कार्डं गेली, माझ्या हाताखाली इंजिनिअर झालेली मुलं आली. त्यांना मी डबे रिकामे करायला लावायचे आणि ती माझ्याकडे वेडी म्हणून बघायची. माझं घर चाललं, नवऱ्याचं औषधपाणी झालं, ते एका विरलेल्या कॉलरच्या माणसामुळे. त्याच्यावर माझं प्रेम होतं, सरळ सांगते, भावासारखं. तात्या त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. सरांचं पत्र कधी आलं नाही. परभणीकडचं कुणी भेटलं की मी विचारते, पण कुणाला माहीत नसतं.

सर गावाला गेले त्या दिवशी आम्ही शिवाजीनगरच्या स्टँडवर होतो. परभणीची गाडी लागली होती. ट्रंक या वेळी रिकामी होती, तरी सरांनी सवयीने ती मांडीवर घेतली. तात्यांनी खिडकीखाली उभं राहून खिशातून कागदाची पुडी काढली. जपून उघडली. "कोरडं हाय सर," म्हणाले. "ह्या खेपेला पानी न्हाई घातलं."

सरांनी कधी कुणाचं गंध लावून घेतलं नव्हतं. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खाली वाकवलं. तात्यांनी कपाळावर कुंकू टेकवलं, भिंतीवर आपटून टेंगूळ आलं होतं तिथेच. कंडक्टरने घंटी मारली. तात्या खिडकीची दांडी धरून गाडीबरोबर चालू लागले.

"चला सर," ते म्हणाले. "नीट जावा."

 सर म्हणाले, "कुठवर ते सांगा की तात्या."

तात्यांनी दांडी घट्ट धरून भराभर पावलं उचलली. गाडीने वेग घेतला, आणि त्यांचा हात सुटला.